बायसन घ्यायचा, पण गवतावरचा

कोलोरॅडोत आमच्या जवळच्या दुकानात बीफच्या शेजारीच बायसनचं मांस ठेवलेलं असतं. भाव बराच चढा. फरक मात्र नुसत्या डोळ्यांनी कळतो. तुकडा गडद, काळपट लाल असतो आणि बीफमध्ये दिसणाऱ्या चरबीच्या पांढऱ्या रेघा त्यात जवळपास नसतात. आच अडवायला आतली चरबीच नाही, म्हणून तो तव्यावर लवकर शिजतो आणि जरा दुर्लक्ष झालं की चिवट होतो. आच मंदच हवी.

हा बायसन म्हणजे उत्तर अमेरिकेतला केसाळ रानबैल, आपल्या दाजीपूरच्या जंगलातला गवा नव्हे. गव्यालाही इंग्रजीत ‘इंडियन बायसन’ म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. गवा संरक्षित आहे, त्याची शिकार हा गुन्हा आहे.

बायसनचं चरबी काढलेलं मांस भाजलं, तर 100 ग्रॅममध्ये साधारण 28 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अडीच ग्रॅम चरबी मिळते. बीफच्या नेहमीच्या तुकड्यांत चरबी याच्या कितीतरी पट असते. शिवाय अमेरिकेत बायसनला वाढीची संप्रेरकं देता येत नाहीत. खिम्याचं गणित मात्र वेगळं. त्यात चरबी बरीच जास्त असू शकते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचायलाच हवा. आणि शेवटी हे लाल मांसच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाबद्दल दिलेला इशारा यालाही लागू होतो.

मला स्वतःला बायसनचं खरं मोल ताटापेक्षा गवतावर दिसतं. एकेकाळी इथल्या गवताळ मैदानांवर कोट्यवधी बायसन होते. कातड्यासाठी त्यांची बेसुमार कत्तल झाली आणि 1889 पर्यंत उत्तर अमेरिकेत जेमतेम हजारभर उरले. त्यांच्यावर जगणारे मूळ रहिवासी उपाशी पडले. कळप गेले तसं गवताचंही बिघडलं.

कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरी या गवताळ माळरानात शास्त्रज्ञांनी बायसन परत आणून सोडले आणि सुमारे तीन दशकं नोंदी ठेवल्या. 2022 मध्ये निष्कर्ष आले: त्या जमिनीवर स्थानिक वनस्पतींच्या जाती सुमारे दुप्पट झाल्या, गुरं चारलेल्या जमिनीवर त्या मानाने बऱ्याच कमी वाढल्या. मधे भीषण दुष्काळ पडला, तरी ही विविधता टिकली. बायसन मुख्यतः उंच, दांडगं गवत खातो, त्यामुळे खालच्या नाजूक फुलझाडांना ऊन मिळतं. तो धुळीत लोळतो, तिथे बशीसारखा खड्डा पडतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि आजूबाजूला नसलेली झाडं तिथे रुजतात.

तरीही ‘बायसन म्हणजे पर्यावरणस्नेही’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. तोही रवंथ करतो, त्याच्या पोटातूनही मिथेन निघतो. शिवाय बाजारात येणाऱ्या बऱ्याच बायसनना शेवटचे काही महिने कुंपणात कोंडून धान्य चारतात. तसं झालं की गवताचा सगळा फायदा तिथेच संपतो.

आणि बीफची जागा तो घेऊ शकणारही नाही. अमेरिकेत वर्षभरात जेवढे बायसन कापले जातात, त्याहून जास्त गुरं एका दिवसात कापली जातात. त्यामुळे आमच्याकडे तो कधीतरीच येतो. घेताना मी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारते: या जनावराने शेवटचे महिने कुरणात काढले की कुंपणात?