कॅन्टीनमध्ये वाया जाणारं अन्न (मुंबईची शाळा-कॉलेजं)

शाळा-कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये नाहीतर हॉस्टेलच्या मेसमध्ये जे शिजतं पण कुणाच्या पोटात जात नाही ते कमी करायचे जे काही उपाय आहेत, त्यांना हल्ली झिरो वेस्ट कॅम्पस वगैरे भारी नावं देतात. कॅन्टीनवाल्याच्या भाषेत प्रश्न साधा असतो, संध्याकाळी ड्रममध्ये किती गेलं? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा हिशोब आहे, जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण २९ कोटी टन हॉटेलं, कॅन्टीन, मेस अशा बाहेर जेवायच्या जागांचं.

ड्रममध्ये जाणारं सगळं एका जातीचं नसतं, आणि इथेच बहुतेक मोहिमा गंडतात. एक म्हणजे चिरताना निघालेली सालं, देठं. दुसरं टोपात उरलेलं, म्हणजे शिजलं पण वाढलंच नाही, ते अजून चांगलं असतं आणि वेळेत हललं तर कुणीतरी खाऊ शकतं. तिसरं ताटातलं खरकटं, ते उष्टं, ते कुणाला देता येत नाही. भिंतीवर 'ताटात टाकू नका' असं पोस्टर लावलं की फक्त तिसऱ्याला हात लागतो आणि पोरांना बोलणी बसतात, मागे किचनमध्ये भाताचा अर्धा टोप तसाच असतो तो कुणी बघत नाही.

टोपात उरतं ते अंदाज चुकल्यामुळे. मुंबईत हा अंदाज लावणं म्हणजे जुगारच आहे. आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमधले अण्णा सकाळी दोन गोष्टी बघायचे, कालनिर्णय आणि मोबाईलवर लोकलची हालत. संकष्टी असली तर राईस प्लेट कमी आणि साबुदाण्याची खिचडी जास्त, श्रावणी सोमवार असला तर ऑम्लेट पावाला गिऱ्हाईक नाही, सबमिशनचा आठवडा असला तर जेवायला कोण बसतंय, सगळे वडापाव हातात घेऊन झेरॉक्सच्या लाईनीत. एकदा जुलैत सकाळी सगळं नेहमीसारखं होतं म्हणून त्यांनी नेहमीएवढा भात टाकला, दहाला कुर्ल्याला पाणी भरलं, लोकलची हार्बर लाईन बंद, लेक्चर रद्द, आणि दुपारी आम्ही जवळ राहणारी पाच-सहा टाळकी त्या अख्ख्या टोपासमोर बसलो होतो. अण्णा वाढत होते, आम्ही नको नको म्हणत होतो.

म्हणून सगळ्यात कामाचा उपाय दिसायला सगळ्यात बोअर आहे, आकडा आधी कळणं. जेवणाचं कूपन सकाळी दहापर्यंत घ्यायचं, किंवा मेसच्या ग्रुपवर आदल्या रात्री हो-नाही टाकायचं, भात एकदम न शिजवता दोन-तीन घाणे काढायचे, शेवटचा घाणा एक वाजता गर्दी बघून. इडलीचं पीठ उरलं तर फ्रीजमध्ये टिकतं आणि आंबलं तर उत्तप्पा होतो, वाफवलेली इडली उरली तर दुपारी इडली फ्राय, पोळ्यांचा कुस्करा. भाताचं मात्र जपून. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचं एक विष परत गरम करूनही जात नाही, त्यामुळे सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर तो रात्रीच पसरून गार करून फ्रीजमध्ये गेलेला हवा.

पैसे कसे घेतात त्यावरही बरंच ठरतं. कॅन्टीनमध्ये प्लेटमागे पैसे असल्याने उरलेला टोप ठेकेदाराच्या खिशातून जातो, तो आपोआप हात आखडता घेतो. मेसमध्ये महिन्याचे पैसे आधीच भरलेले, त्यात बुफे, मग 'पैसे भरलेत ना' म्हणून ताटात डोंगर. अमेरिकेतल्या कॉलेजांनी २००८ च्या आसपास नुसते ट्रे काढून टाकले, हातात फक्त प्लेट, एका खेपेत मावेल तेवढंच, आणि खरकटं बऱ्यापैकी कमी झालं. आपल्याकडे तेच काम हाफ प्लेट करते, आणि न मागता लोणचं-पापड-कोशिंबीर वाढायची सवय सोडली तर अजून फरक पडतो. राईस प्लेटमधली ती बीटची कोशिंबीर मी तरी कुणाला संपवताना बघितलेली नाही.

पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत कॅन्टीनपेक्षा शालेय पोषण आहार महत्त्वाचा, २०२१ पासून त्याचं केंद्राचं नाव पीएम पोषण. पहिली ते पाचवी दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५०. मुंबईत बऱ्याच शाळांत खिचडी शाळेत शिजत नाही, बाहेरच्या किचनमधून डब्यात येते, म्हणजे आकडा त्या दिवशीची हजेरी लागायच्या आधीच ठरलेला असतो.

उरलेलं वाटायची सोय शहरात आहे. डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, रॉबिन हूड आर्मीची पोरं पण अन्न गोळा करून वाटतात. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने, २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम काढले, पाकिटावर काय पदार्थ, कधी बनवला, व्हेज की नॉनव्हेज हे लिहायचं, गरम अन्न ६० अंशाच्या वर नाहीतर थंड ५ अंशाच्या खाली ठेवायचं. कागदावर सोपं वाटतं, पण कॅन्टीनचं जेवण तीनला आटपतं आणि गाडी येईपर्यंत संध्याकाळ झाली तर मुंबईच्या दमट हवेत डाळ आंबलेली असते. उचलायची वेळ ठरली नसेल तर वाटपाच्या फंदात न पडलेलं बरं.

मग राहतो ओला कचरा. मुंबईचा बराचसा कचरा आता कांजूरमार्गला जातो, काही अजून देवनारला, १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राऊंड. ओला कचरा हवेशिवाय दबून कुजला की मिथेन तयार होतो आणि आग पकडतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धुरामुळे आजूबाजूच्या पालिका शाळाच बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणारी जागा 'बल्क जनरेटर', म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणारी, धरली, मोठी हॉस्टेलं त्यात सहज येतात, त्यांनी ओला कचरा जमेल तेवढा आवारातच जिरवायचा असतो. खत करा किंवा बायोगॅस. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी तयार केलेला निसर्गऋण प्लांट यासाठीच आहे, आधी हवेच्या टाकीत गरम पाण्याबरोबर कचऱ्याचा लगदा मोडतो, मग बंद टाकीत त्यातून गॅस निघतो आणि तो परत किचनमध्ये वापरता येतो.

फक्त प्लांटमध्ये करवंट्या, हाडं, अंड्याची टरफलं, प्लास्टिक चालत नाही, आणि कॅन्टीनच्या खरकट्यात केचपची पाकिटं, टिश्यू, ज्यूसचे स्ट्रॉ हमखास असतात. ते वेगळं काढायचं काम बहुतेक ठिकाणी भांडी घासणाऱ्या मावशींवर येतं, हात कोपरापर्यंत ड्रममध्ये घालून, आणि ठेकेदाराच्या करारात त्या कामाचे पैसे सहसा धरलेले नसतात.