संप गुन्हा कसा ठरला: कामगार-मालक वादातल्या फौजदारी कलमांची पार्श्वभूमी

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. तेव्हापासून बोलणे चालू आहे ते संपाआधीच्या साठ दिवसांत द्यायच्या नोटिशीचे, युनियनच्या मान्यतेचे आणि कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्याच्या तीनशे कामगारांच्या मर्यादेचे. शिक्षेचे कलम ८६ शेवटी आहे, म्हणून बहुधा तिथवर कोणी पोचत नाही. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे ते सांगते. काम थांबवण्याबद्दल माणसाला फौजदारी न्यायालयात उभे का करायचे, या प्रश्नाचे उत्तर १९२५ ते १९४७ या काळातल्या मुंबई इलाख्यात सर्वांत स्पष्ट सापडते.

त्याआधीचे थोडक्यात. कलकत्त्यातल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून १८५९ चा तेरावा कायदा झाला. उचल घेऊन कामावर न येणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे नेता येई. पैसे परत कर, नाहीतर काम पुरे कर, असा हुकूम होई आणि तो मोडला की तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आधी तीन इलाखा शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे मळ्यांपर्यंत पसरला. मजुरी न देणाऱ्या मालकासाठी त्यात कैदेची तरतूद नव्हती.

दंड संहितेचा पहिला मसुदा करणाऱ्यांनी मात्र १८३७ मध्येच वेगळी भूमिका घेतली होती. नुसता करारभंग हा गुन्हा नव्हे, त्याची दाद दिवाणी न्यायालयात, असे त्यांचे मत होते. अपवाद अगदी मोजके ठेवले, जसे प्रवाशाला वाटेत सोडून जाणारे पालखीचे भोई किंवा असहाय माणसाची शुश्रूषा सोडणारा. दंड संहितेत याच धर्तीवर ४९० ते ४९२ ही कलमे आली; मालकाच्या खर्चाने दूरदेशी नेलेला नोकर त्यांतल्या ४९२ मध्ये होता. १९२५ मध्ये १८५९ चा कायदा आणि त्याबरोबर ४९० व ४९२ ही दोन्ही कलमे रद्द करण्यात आली. एकट्या मजुराने काम सोडले तर तो गुन्हेगार नाही, हे तत्त्व तिथे कागदावर तरी पक्के झाले. ४९१ तेवढे टिकले आणि ते आज भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ म्हणून आहे.

कागदावर म्हणतो, कारण उचल आणि पोलीस ठाणे यांचा संबंध तुटलेला नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी उचल घेतलेला मुकादम टोळी घेऊन आला नाही की वाहतूकदार फसवणुकीची फिर्याद देतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या दर वर्षी असतात. काही प्रकरणांत खरोखर फसवणूक असते. पण पुष्कळ ठिकाणी व्यवहार १८५९ चाच असतो, फक्त कलम वेगळे लावलेले.

आता १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. १९१३ मध्ये दंड संहितेत फौजदारी कटाचे कलम १२०-ब आले होते आणि चार कामगारांनी मिळून संपाचे ठरवणे हाही कट ठरू शकतो, ही भीती रास्त होती. मद्रासच्या एका मोठ्या कापड गिरणीतल्या वादात तिथल्या हायकोर्टाने १९२० मध्ये युनियनच्या पुढाऱ्यांना मनाई हुकूम बजावला. तो दिवाणी दावा होता, पण देशभरच्या संघटना त्याने हादरल्या. कायद्याचे संरक्षण हवे ही मागणी त्यातूनच जोर धरून मध्यवर्ती कायदेमंडळात पोचली. १९२६ च्या कायद्यात कलम १७ आले: नोंदणीकृत युनियनच्या सभासदांनी युनियनच्या उद्दिष्टांसाठी आपसांत केलेल्या कराराबद्दल त्यांना कटाच्या कलमाखाली शिक्षा होणार नाही. त्याच वाक्याला एक अपवाद जोडला: तो करार गुन्हा करण्याचा असेल तर संरक्षण नाही.

पुढचा सगळा गुंता या अपवादात आहे. १९२६ मध्ये तो निरुपद्रवी वाटला. मारामारी, जाळपोळ, कोंडून ठेवणे यांना युनियनचे पांघरूण मिळू नये, यावर कोणाचा आक्षेप असणार? पण उद्या संप हाच गुन्हा ठरवला, तर संपाचा ठराव म्हणजे गुन्हा करण्याचा करार होतो आणि कलम १७ चे छत्र आपोआप उडते. हे छत्र उडवायला कलम १७ ला हात लावायची गरजच नव्हती. दुसरा कायदा करून संप गुन्ह्यांच्या यादीत घातला की झाले.

ते तीनच वर्षांत सुरू झाले. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. १९२९ च्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याने सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांत चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप करणे शिक्षापात्र केले. स्वतःच्या धंद्यातल्या वादापलीकडचा, सरकारवर दडपण आणण्यासाठी लोकांचे हाल करणारा संपही बेकायदा ठरवला. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरठ खटल्यासाठी धरपकड झाली आणि गिरणी कामगारांचे पुढारी राजाविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली मुंबईपासून दूर नेले गेले. हा खटला १९३३ पर्यंत चालला. आरोप राजकीय होते, पण गिरणगावातली युनियन पोकळ झाली हा त्याचा व्यवहारातला परिणाम.

तरीही १९२९ चा कायदा मर्यादित होता. सर्वसाधारण कारखान्यातला, गिरणीतला संप गुन्हा नव्हता. ती रेघ ओलांडली गेली १९३८ मध्ये, आणि तीही परकीय सरकारकडून नव्हे. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात आलेल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक विवाद कायदा मांडला. त्यात चांगले काही नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थायी आदेशांना, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांना, कायद्याचे बळ मिळाले. नोकरीच्या अटींत बदल करायचा तर मालकाला नोटीस द्यावी लागू लागली. जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर चालणाऱ्या खात्यांत लेखी नियम आले, ही लहान गोष्ट नव्हती. मात्र समेटाची प्रक्रिया सक्तीची झाली आणि ती संपण्याआधी केलेला संप बेकायदा, म्हणून शिक्षेला पात्र ठरला.

मंत्र्यांचे म्हणणे असे की संप बंद केलेला नाही, फक्त पुढे ढकलला आहे. आधी बोलणी, मग लढा. १९२८ च्या सहा महिन्यांत चाळीचाळींतून भांडीकुंडी गहाण पडली होती, घरेच्या घरे कोकणात आणि घाटावर परतली होती. ते पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा पोकळ वाटणार नाही.

विधानसभेत याला सर्वांत नेमके उत्तर दिले ते एका बॅरिस्टर सदस्याने, ज्याने पुढे राज्यघटनेचा मसुदा घडवला. त्यांची मांडणी कायदेशीर होती आणि म्हणूनच ती आजही लागू पडते. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. त्याबद्दल मालकाला नुकसानभरपाई मागता येईल, पण तुरुंग नाही. तुरुंगाची भीती घालून माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेणे म्हणजे त्याला गुलाम करणे. स्वातंत्र्याचा हक्क तुम्ही पवित्र मानत असाल, तर संपाचा हक्क हे त्याचेच दुसरे नाव आहे, असे त्यांनी सत्ताधारी बाकांना ऐकवले. शिक्षेची तरतूद करणाऱ्या पक्षाचे लोक स्वतः कायदेभंगाबद्दल तुरुंगात जाऊन आलेले होते, त्यामुळे हा घाव वर्मी लागला.

माझ्या मते ते बरोबर होते, आणि त्याला त्यांनी दिलेल्या कारणाखेरीज आणखी एक कारण आहे. थांबण्याचा काळ दोन्ही पक्षांना सारखा नसतो. समेटाच्या महिन्यांत मालक गोदामात माल साठवतो, ऑर्डरी आधी उरकतो. कामगाराच्या हातात मात्र संपाची वेळ एवढीच ताकद असते आणि ती कायद्याने काढून घेतलेली असते. संप पुढे ढकलणे आणि संप निकामी करणे यांतले अंतर मंत्र्यांना वाटले त्याहून पुष्कळ कमी होते.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी या कायद्याविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. एरवी एकमेकांवर टीका करणाऱ्या दोन प्रवाहांच्या संघटना परळच्या मैदानावर एका व्यासपीठावर आल्या. पोलिसांनी गोळीबार केला. कायदा तरीही राहिला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्याची जागा घेतली, पण बेकायदा संपाला शिक्षा ही कल्पना पुढे तशीच गेली.

युद्धकाळात भारत संरक्षण नियम ८१-अ खाली संपावर देशभर निर्बंध आले. ते तात्पुरते समजले गेले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने त्यातले बरेचसे कायम केले. कलम २६ नुसार बेकायदा संप करणाऱ्या कामगाराला एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड, बेकायदा टाळेबंदी करणाऱ्या मालकाला तीच कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. संपाची चिथावणी देणाऱ्याला आणि बेकायदा संपाला जाणूनबुजून पैशांची मदत करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. वाचताना तराजू समतोल वाटतो. फरक कलम ३४ मध्ये आहे: सरकारने किंवा सरकारच्या अधिकाराने फिर्याद केल्याशिवाय न्यायालय दखलच घेणार नाही. टाळेबंदीने रस्त्यावर आलेला कामगार मालकाविरुद्ध स्वतः या कलमाखाली कोर्टात जाऊ शकत नव्हता. मालकालाही कामगाराविरुद्ध जाता येत नव्हते हे खरे, पण त्याच्या हाती बडतर्फी होती.

घेरावाचा वाद इथे थोडा वेगळा काढावा लागतो. १९६७ मध्ये पश्चिम बंगालच्या नव्या सरकारने पोलिसांना सूचना दिल्या की कामगार मंत्र्यांच्या निर्देशाशिवाय घेरावात हस्तक्षेप करू नये. कलकत्ता हायकोर्टाच्या विशेष खंडपीठाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या सूचना रद्द केल्या. व्यवस्थापकाला तासन्‌तास कोंडणे हा दंड संहितेतला गुन्हा आहे आणि कलम १७ चे संरक्षण त्याला नाही, असा निष्कर्ष निघाला. तो निकाल मला योग्य वाटतो. पण त्यानंतर फाटकावरची घोषणाबाजी, धरणे, रस्त्यात बसणे हे सगळे एका मापाने मोजण्याची सवय लागली.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये वेगळी वाट काढली. अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यात, जो १९७५ पासून अमलात आला, घेराव आणि मुद्दाम मंदगतीने काम करणे या गोष्टी युनियनच्या अनुचित प्रथांच्या यादीत आहेत. करार किंवा निवाडा न पाळणे ही मालकाची अनुचित प्रथा. कामगार न्यायालयाचा आदेश मोडला तर कलम ४८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि फिर्याद बाधित व्यक्ती स्वतः करू शकते. सरकारी परवानगीची अट नाही. या एका तरतुदीमुळे मुंबई, ठाणे, पुण्याच्या कामगार न्यायालयांत व्यवस्थापनाचे अधिकारी आरोपी म्हणून हजर राहिलेले दिसतात, जे १९४७ च्या कायद्याखाली क्वचितच घडे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप बेकायदाच होता, कारण १९४६ च्या कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार फक्त एका प्रातिनिधिक युनियनला होता आणि संप तिने पुकारलेला नव्हता. सुमारे अडीच लाख कामगारांवर एकेक खटला भरणे कुठल्याही सरकारला शक्य नव्हते. बेकायदा या शिक्क्याचा खरा उपयोग वेगळा झाला. नेतृत्वाशी बोलणी नाकारायला आणि हजारोंना कामावर परत न घ्यायला तो पुरला.

सरकारी आणि सार्वजनिक सेवांत आता मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, हा शब्द पुरेसा असतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले, त्याच दिवसांत विधिमंडळाने तो कायदा पुन्हा मंजूर केला. वॉरंटशिवाय अटकेची तरतूद असली की कोर्टापर्यंत जायची वेळच येत नाही.

मालकाच्या बाजूने दंड संहितेत भर पडली ती १९७३ मध्ये. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरला. दोन वर्षांनी कर्मचारी राज्य विम्याच्या वर्गणीलाही तेच लागू झाले. बंद पडत चाललेल्या कारखान्यांतल्या कामगारांना कलमाला जोडलेली ही दोन स्पष्टीकरणे संपाच्या सगळ्या कलमांहून जास्त उपयोगी पडली आहेत.

नव्या औद्योगिक संबंध संहितेने कलम १७ चे ते वाक्य अपवादासह जवळपास तसेच उचलले आहे. नोटिशीची सक्ती आता फक्त सार्वजनिक सेवांना नाही, प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संप. म्हणजे १९२६ च्या अपवादात बसणाऱ्या गोष्टी पूर्वी कधी नव्हत्या इतक्या वाढल्या आहेत. बेकायदा टाळेबंदीचा दंड पन्नास हजार ते एक लाख झाला, पण बरेच गुन्हे रक्कम भरून मिटवता येतात: फक्त दंडाचा गुन्हा असेल तर कमाल दंडाच्या निम्मी, कैदेचाही असेल तर पाऊणपट. अशी रक्कम कंपनीच्या हिशेबात एक नोंद असते, महिना अठरा-वीस हजार मिळवणाऱ्याच्या घरात ती उपासमार असते. आणि फिर्यादीची किल्ली कलम ८७ ने पुन्हा १९४७ प्रमाणे सरकारच्याच हाती ठेवली आहे.