संगणक कोणाची वाट पाहतोय?

संगणक मंद झाला की आपण प्रोसेसरला दोष देतो. गंमत अशी की बहुतेक वेळा तो बिचारा रिकामाच बसलेला असतो. एक्सेलची फाइल उघडताना गोल चक्र फिरत राहतं, तेव्हा प्रोसेसर कुणाची तरी वाट पाहत असतो. ती कुणाची, एवढं शोधलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालं.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र अडकलेलं असतानाच तो पाहायचा. सगळं सुरळीत झाल्यावर पाहून उपयोग नाही. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामाची माहिती ठेवायची जागा) आणि डिस्क या तीन रकान्यांच्या डोक्यावर टक्केवारी असते. समजा सीपीयू 12 टक्के, मेमरी 93 टक्के आणि डिस्क 100 टक्के दिसतेय. मग परफॉर्मन्स या टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी दिसला, तर दुखणं सापडलं. डिस्क शंभर टक्के व्यग्र, पण हाती जवळजवळ काहीच नाही! असं का होतं?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो आणि टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी 8-9 मिलिसेकंद. एका उडीचे असे साधारण 12 मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला 80-85 उड्या होतात. दर उडीत 4 केबीचा तुकडा मिळत असेल, तर वेग 350 केबीच्याही खालीच राहणार. रॅममध्ये तोच तुकडा गाठायला सुमारे 100 नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात. रॅमची ती वेळ एक सेकंद मानली, तर एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नव्या पद्धतीची डिस्क, सुमारे 17 मिनिटं घेते आणि हार्ड डिस्क तेहतीस तास.

रॅम भरली की विंडोज तिच्यातली पानं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं आणि लागली की परत आणतं. ही ने-आण इतकी वाढू शकते की मूळ कामाला वेळच उरत नाही. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच तिची कारणमीमांसा केली होती. त्यावर उपाय दोन: एका वेळी उघडलेले प्रोग्रॅम कमी करा, नाहीतर रॅम वाढवा. ब्राउझरच्या चाळीस टॅब हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार. नवी रॅम घेताना प्रकार जुळतो का ते पाहा, कारण डीडीआर4 या प्रकारच्या खाचेत डीडीआर5 ची पट्टी बसत नाही. यंत्रात अजून हार्ड डिस्कच असेल, तर मात्र रॅमच्याही आधी एसएसडी बसवा. दुसऱ्या कुठल्याच बदलाने एवढा फरक पडत नाही.

मेमरी निवांत असूनही डिस्क गच्च असेल, तर अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट किंवा शोधसूची बांधण्याचं काम चालू असतं. ते संपू द्या. सीपीयूच भरलेला असेल, तर परफॉर्मन्समध्येच त्याचा चालू वेग आणि मूळ वेग ताडून पाहा. चालू वेग फारच खाली असेल, तर पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापलाय किंवा लॅपटॉपला कमी वॅटचा चार्जर लावलाय. तिथेच अपटाइम, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं. रोज शट डाउन करूनही अपटाइम कधी वीस दिवस दाखवतो, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात हवी तर रीस्टार्टच करावं लागतं.

आता ईमेल, कारण तिथूनही डिस्कवर ताण येतो. आलेल्या मेलचं काय करायचं हे आपोआप ठरवणारे नियम आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये करता येतात. ते दोन जागी चालतात. पाठवणाऱ्याचं नाव पाहून मेल फोल्डरमध्ये टाकणं सर्व्हरवरच उरकतं, तुमचा संगणक बंद असला तरी. आवाज वाजवणं, मेल छापणं किंवा तुमच्या डिस्कवरच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलमध्ये) हलवणं हे मात्र तुमच्याच यंत्रावर होतं. असे बरेच नियम असतील, तर सकाळी आउटलुक उघडताच रात्रभराच्या मेलवर ते एकदम तुटून पडतात, आणि डिस्क पुन्हा शंभर टक्के.

नियम वरून खाली चालतात. पहिला नियम साहेबांचे मेल एका फोल्डरमध्ये टाकतो आणि दुसरा विषयात ‘अहवाल’ असलेले दुसऱ्या. साहेबांनी अहवाल मागितला की तो मेल दोन्हीकडे दिसू शकतो. म्हणून पहिल्या नियमात पुढचे नियम थांबवण्याचा पर्याय निवडायचा. वेगवेगळ्या अटी टाकल्या तर त्या सगळ्या जुळाव्या लागतात. एकाच अटीत चार शब्द दिले, तर त्यातला कोणताही एक पुरतो. ही गल्लत फार होते.

शब्दांची निवड त्याहून नाजूक. आउटलुक अक्षरांचा तुकडा शोधतं, त्यामुळे ‘कर’ दिलं की ‘करार’ही सापडतो आणि ‘लवकर’ही. जीमेल अख्ख्या शब्दावर चालतं, म्हणून ‘बिल’ने ‘बिलाची’ सापडेलच असं नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय लागत राहणार, तेव्हा शक्यतो शब्दांपेक्षा पत्त्यावर नियम बांधा. गटाच्या मेलसाठी जीमेलमध्ये लिस्ट हा निकष आहे. तो मेलच्या शीर्षमाहितीतली गटाची ओळख पाहतो, त्यामुळे पाठवणारा बदलला तरी चुकत नाही. आणि नव्या नियमाला पहिले दोन आठवडे मेल पुसू देऊ नका, वेगळ्या फोल्डरमध्ये साठवू द्या.

नियमांची यादी अधूनमधून उघडून पाहावी, ती आणखी एका कारणासाठी. खात्यात घुसलेले भामटे बऱ्याचदा एक नियम करून ठेवतात: विषयात ‘पेमेंट’ किंवा ‘इनव्हॉइस’ असलेला मेल आरएसएस फीड्ससारख्या कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा, किंवा बाहेरच्या पत्त्यावर पाठवायचा. नियमाचं नाव कधी नुसतं एक टिंब असतं. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तो हाताने पुसावा लागतो, फॉरवर्डिंगची सेटिंग वेगळी तपासावी लागते, आणि मग सगळ्या उपकरणांवरून खातं साइन आउट करायचं.