ऊती : झाडांच्या आणि प्राण्यांच्या

सारख्या बांध्याच्या पेशी एकत्र येऊन एकच ठरलेलं काम करतात, त्या पेशींच्या गटाला ऊती म्हणतात, आणि वेगवेगळ्या ऊती मिळून मूळ, पान, काळीज, कल्ले असे अवयव होतात. झावियर बिशा या फ्रेंच डॉक्टरने १८०१ साली शरीरात २१ प्रकारच्या ऊती असल्याचं मांडलं, तेसुद्धा मायक्रोस्कोप न वापरता. आज प्राण्यांत चारच मुख्य गट धरतात, पण ऊती नुसत्या डोळ्यांनी आणि हातानेही ओळखता येतात हे त्याने दाखवलं ते खरंच आहे, कोकणात तर नारळ सोलताना नि मासळी साफ करताना त्या रोज हाताखालून जातात.

झाडाच्या ऊतींचे दोन मोठे भाग. एक विभाजी ऊती, म्हणजे जिथे पेशी सतत विभागत राहतात आणि वाढ होते, आणि दुसरी स्थायी ऊती, म्हणजे जिथे पेशींनी विभागणं थांबवून एकेक काम धरलेलं असतं. प्राण्याचं शरीर बऱ्यापैकी सगळीकडून वाढतं, झाड मात्र ठरावीक जागीच वाढतं: मुळांची टोकं, फांद्यांचे शेंडे, आणि आंब्यासारख्या झाडात सालीच्या आत असलेला कँबियमचा पातळ थर. हा थर आहे म्हणून आंब्याचं खोड दरवर्षी जाड होतं, आणि हापूसचं कलम होतं तेही याच थरामुळे. कोय कलमात दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रायवळ रोप घेतात, वरून छाटून मधोमध चिरतात, त्यात पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. सगळं कसब आहे ते काडीचा कँबियम रोपाच्या कँबियमला निदान एका बाजूला तरी नीट भिडवण्यात, तो भिडला की जखमेवर नवीन मऊ पेशी तयार होतात आणि त्यातून नव्या वाहिन्या जोडल्या जातात, नाही भिडला तर काडी सुकते.

मग माडाचं कलम का होत नाही? कारण माडाला कँबियमच नाही. त्याच्या वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात, जोडायला सलग थर मिळतच नाही, म्हणून माड नारळापासूनच लावतात. पाडेल्याला चढायला खोडावर खाचे पाडलेले असतात ना, ते वर्षानुवर्षं तसेच राहतात, भरून येत नाहीत, त्याचंही कारण हेच. आणि माडाचा वाढीचा कोंब एकच, तोही अगदी शेंड्यात, त्यामुळे गेंड्या भुंग्याने तो पोखरला तर बाकी खोड धडधाकट असूनही माड मरतो. वाडीत भुंग्याकडे दुर्लक्ष करू नये ते याचसाठी.

स्थायी ऊतींत साध्या तीन. मूल ऊती मऊ, जिवंत, अन्नपाणी साठवणारी. स्थूलकोन ऊती देठांना लवचिक आधार देते. दृढ ऊतीच्या पेशी मात्र भिंतीत लिग्निन नावाचं कडक द्रव्य भरून बहुतेक करून मरून जातात आणि मेल्यावरच खऱ्या कामाला येतात. सोडण, म्हणजे नारळाचं बाहेरचं तंतूंचं आवरण, खाडीकडेला कुजत घालतात तेव्हा तंतूंमधला मऊ भुसा जंतूंमुळे सुटतो आणि लिग्निनवाले तंतू टिकतात, तोच काथ्या, आणि तो भुसा म्हणजे नर्सरीतलं कोकोपीट, जी मूळची मूल ऊतीच. करवंटी तर दगडासारख्या टणक पेशींचीच. शहाळ्याचं पाणीसुद्धा भ्रूणपोष नावाची, म्हणजे भ्रूणाला पोसणारी ऊती आहे, पण पेशींच्या भिंती न पडलेली, भिंती पडायला लागल्या की मलई आणि पुढे खोबरं. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण नारळाचं पाणी घालून वाढवले होते.

जटिल ऊती दोन: जलवाहिनी पाणी वर नेते आणि तिच्या मुख्य पेशी मृत असतात, रसवाहिनी पानात बनलेलं अन्न सगळीकडे पोचवते आणि तिच्या चाळणी-नलिका जिवंत असतात. खारफुटीतल्या तिवराची चिखलातून वर आलेली मुळं कापून बघा, आतमध्ये पोकळ्याच पोकळ्या, ही वायू ऊती, हिच्यातूनच चिखलातल्या मुळांना हवा मिळते.

आता प्राणी. अभिस्तर ऊती बाहेरचे-आतले पृष्ठभाग झाकते. माशाच्या कल्ल्यांवर ती इतकी पातळ असते की पाण्यातला ऑक्सिजन सरळ रक्तात जातो, आणि ताज्या माशाचे कल्ले लालभडक दिसतात ते त्या रक्तामुळेच. संयोजी, म्हणजे जोडणाऱ्या ऊतीत हाडं, कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक), चरबी, अस्थिबंध आणि रक्तही येतं. मोरीच्या (शार्कच्या) कालवणात काटे लागत नाहीत कारण मोरीचा सांगाडा कूर्चेचा असतो. माशात कोलॅजन, म्हणजे संयोजी ऊतीतलं चिवट प्रथिन, मटणापेक्षा कमी आणि ते कमी उष्णतेवर विरघळतं, म्हणून मासा पटकन शिजतो.

स्नायू ऊती तीन प्रकारची: इच्छेने चालणारी, आतड्यासारख्या ठिकाणी आपोआप चालणारी, आणि हृदयाची. बांगडा आडवा कापला की कातडीला लागून काळपट तांबडा भाग दिसतो, हा संथ पण न थकता पोहायचा स्नायू, ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनामुळे लाल. आतला फिका भाग झटका मारून पळायला, तो लवकर थकतो. तिसऱ्यांचे शिंपे घट्ट मिटून ठेवणारा स्नायू फार कमी ऊर्जेत तासन्‌तास आवळून राहू शकतो, शिजवला की त्याची पकड सुटते आणि शिंपा उघडतो.

चेता ऊतीबद्दल, म्हणजे संदेश वाहणाऱ्या नसांच्या ऊतीबद्दल, सगळ्यात मोठं काम झालं ते म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) नातेवाईकांवर. त्यांचा एक चेतातंतू जवळपास १ मिलिमीटर जाड, म्हणून हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांना त्यात इलेक्ट्रोड घालून विजेचा संदेश कसा पुढे सरकतो ते मोजता आलं, १९५२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि १९६३ चं नोबेल मिळालं. म्हाकूल संदेशाचा वेग वाढवतो तो तंतू जाड करून, आपल्यासारख्या कण्याच्या प्राण्यांत तोच वेग बारीक तंतूवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन घालून मिळतो.