देशी मासा आणि नदीचा मासा: घोळ नेमका कुठे होतो

चिलापी बाहेरची आहे हे आता कुणाला सांगावं लागत नाही. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली, पिल्लं तोंडात सांभाळणारी आणि मिळेल त्या पाण्यात वाढणारी. सायप्रिनस, गवत्या, चंदेरा, आफ्रिकन मांगूर, काचेच्या टाकीतून धरणात पोचलेला सकर ही नावंही बहुतेकांना पाठ असतात. आणि यादी पाठ असली की वाटतं, यातले ते परके, उरलेले सगळे आपले.

तसं नाही. ‘नदीत देशी मत्स्यबीज सोडले’ अशी बातमी फोटोसकट येते. पाहुणे हसतमुखाने पिशवीतली बोटुकली पाण्यात ओतत असतात. माझा प्रश्न एकच असतो: देशी म्हणजे कुठल्या नदीचं? उत्तर मिळालंच, तर ‘कटला, रोहू, मृगळ’ एवढं मिळतं. हे उत्तर नव्हे. ही माशांची नावं झाली, नदीचं नाव अजून कुणी सांगितलेलंच नसतं.

माशाला पासपोर्ट नसतो, त्याला फक्त खोरं असतं. महाबळेश्वरच्या पठारावर पडलेला पाऊस एका बाजूने सावित्रीत उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या बाजूचं पाणी कृष्णेतून जातं थेट बंगालच्या उपसागरात. बगळा हा डोंगर सहज ओलांडतो, मासा ओलांडू शकत नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना समुद्राच्या खारट पाण्यातून वळसा घालून पलीकडच्या नदीत शिरणंही जमत नाही. त्यामुळे डोंगराच्या दोन बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या वेगळे मासे घडत गेले. सह्याद्रीत एखाद-दुसऱ्या नदीपुरतेच सापडणारे मासे आहेत ते यामुळेच. देशाची सीमा कालपरवाची, हे पाणलोट त्याच्या कितीतरी आधीचे. (आता आपणच डोंगर फोडून कोयनेचं पाणी वाशिष्ठीत आणि मुळेचं कुंडलिकेत सोडतो, हा भाग वेगळा.)

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच महाशीरचं आहे. निळसर परांचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवला. याहून ‘आपला’ मासा कुठला असणार? धरणांनी आणि घाण पाण्याने तो कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. हेतू चांगला होता. पण तिथली बोटुकली देशभरातल्या पाण्यांत गेली, त्यात कावेरीही आली.

कावेरीत स्वतःचा महाशीर होता. डोक्यामागून पाठीवर उंचवटा, नारिंगी पर आणि प्रचंड आकार. जगभरातले गळवाले त्याच्यासाठी तिथे येत. मासा पकडायचा, मोजायचा, परत सोडायचा, अशी तिथल्या शिबिरांची पद्धत होती, आणि पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. पुढे संशोधकांनी त्या वह्या तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि पाठीवर उंचवटा असलेले कमी होत गेलेले दिसले. त्यातही जे उंचवटेवाले सापडत होते, त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. वाचणाऱ्याला ही आनंदाची बातमी वाटेल. अर्थ उलटा होता: म्हातारे मासे तेवढे उरले होते, मागून लहान येतच नव्हते. २०१८ साली या माशाची ओळख टॉर रेमादेवी म्हणून नक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी आणि धरणं ही कारणंही आहेतच. पण शेजारच्या खोऱ्यातून आणलेल्या भाऊबंदाला या कारणांतून वगळता येत नाही.

आणि मला वाटतं, भाऊबंद जास्त घातक. दूरचा परका निदान ओळखू तरी येतो. जवळच्या नात्यातला मासा तेच खातो, अंडी घालायला तशीच जागा शोधतो, शिवाय संकर होण्याची शक्यता असते. जाळ्यात आला तर कोळ्यालाही शंका येत नाही, सरकारी तक्त्यात तर दोघांची नोंद ‘महाशीर’ अशी एकच.

कटला-रोहूचं तेच. त्यांचं मूळ घर उत्तरेकडच्या मोठ्या नद्या. कावेरीत ते माणसाने नेले. तळ्यात हे मासे आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. तिथून बीज मागाल तिथे मिळू लागलं. मत्स्यशेतीसाठी ही मोठीच गोष्ट होती, नद्यांसाठी नव्हती.

दुसरा गोंधळ थोडक्यात. परका म्हणजे आक्रमक असं नाही. बाहेरून आलेले कित्येक मासे स्वतःहून टिकत नाहीत, गवत्या बहुतेक तलावांत दरवर्षी नव्याने सोडावा लागतो. जो न सोडता वाढतो, पसरतो आणि मूळच्यांना हुसकावतो तो आक्रमक. चव, रंग, बाजारातला भाव यांवरून परका ओळखण्याच्या ज्या युक्त्या फिरतात, त्या सोडून द्या.

शेततळ्यात कुणी कटला वाढवला तर माझी काही तक्रार नाही, चंदेराही वाढवा. नदीत मात्र त्याच नदीच्या नर-मादीपासून तयार झालेलं बीज नसेल, तर काहीच सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शेततळंही नदीकाठी, पुराच्या रेषेत नको. सतलजवरच्या गोविंदसागर जलाशयात चंदेरा कुणी ठरवून सोडला नव्हता. १९७१ साली पुराने एका मत्स्यशेतीतून तो वाहत आला, काही वर्षांत तिथल्या जाळ्यांत तोच सगळ्यात जास्त येऊ लागला आणि कटला मागे पडला.