स्टीलच्या घड्याळाचा थाट

रोलेक्स डेटोना हे मुळात स्टीलचं घड्याळ. तरी ते यादीतल्या किमतीपेक्षा जास्त देऊन घेणारे आहेत म्हटलं की इंदुरातले काकालोक विचारतात, "सोनं नाही, मग एवढे पैसे कशाचे?" खरं तर हा प्रश्न इंदुरात पडायला नको. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा राजवाडा उभा करून घेतला, तेव्हा तिथे चकचकीत धातूच्या नळ्यांचं फर्निचर आणलं. थाट धातूच्या भावात नसतो, आखणीत असतो, हे या गावच्या महाराजांना तेव्हाच पटलं होतं.

डेटोनाची आखणी गरजेतून आली. हातावरच्या क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाला, वेग मोजायची टॅकीमीटर पट्टी असे. ती तबकडीच्या कडेला छापत, त्यामुळे आकड्यांची नुसती गर्दी होई. १९६३ साली रोलेक्सने ६२३९ क्रमांकाच्या कॉस्मोग्राफमध्ये, म्हणजे पहिल्या डेटोनात, ही पट्टी बाहेरच्या कड्यावर नेली. तबकडी मोकळी झाली. शिवाय आतल्या तीन छोट्या तबकड्या विरुद्ध रंगात केल्या, पांढऱ्यावर काळ्या किंवा काळ्यावर पांढऱ्या. धावत्या गाडीत एका नजरेत वाचता यावं, एवढाच हेतू. आग्रा-मुंबई रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबा, पुढच्या दगडापाशी थांबवा. ४५ सेकंद लागले तर काटा कड्यावरच्या ८० समोर उभा असतो. हिशेब करायला नको. नाव आलं फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोटार-शर्यतींवरून.

गंमत म्हणजे तेव्हा हे घड्याळ पडून राहायचं. आतलं यंत्र व्हॅल्जू ७२ या स्विस यंत्रावर बेतलेलं, चावी द्यायचं, आणि गिऱ्हाइकांना तर ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, हवं होतं. त्यातही एक तबकडी फारच वेगळी होती: छोट्या तबकड्यांत आर्ट डेको वळणाचे आकडे, खुणांच्या टोकांना बारीक चौकोन. तिला तर कुणी विचारत नसे. पण नट आणि शर्यतपटू पॉल न्यूमनला पत्नी जोआन वुडवर्डने तसंच घड्याळ भेट दिलं, मागे 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचा मजकूर कोरून. पुढे संग्राहकांनी त्या तबकडीला त्याचंच नाव दिलं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात न्यूमनचं ते घड्याळ सुमारे एक कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. यात अर्धी किंमत न्यूमनची आहे, हे मान्यच करायला हवं. उरलेली मात्र त्या न खपलेल्या तबकडीची. खपली नाही म्हणून कमी बनली, कमी बनली म्हणून दुर्मीळ.

१९८८ मध्ये डेटोना ऑटोमॅटिक झालं, तेही झेनिथ या दुसऱ्या घड्याळ कंपनीचं एल प्रिमेरो यंत्र घेऊन. रोलेक्सने त्यात बरेच बदल केले, तासाला ३६,००० ठोक्यांचा वेग २८,८०० वर आणला. रांगा लागू लागल्या त्या इथून. स्वतःचं यंत्र, ४१३०, आलं ते २००० साली.

२०१६ मध्ये स्टीलच्या मॉडेलला काळं सिरॅमिक कडं बसवलं. साठीच्या दशकातल्या काही डेटोनांना काळं प्लास्टिकचं कडं असे, त्याचीच ही नवी आवृत्ती, फक्त यावर ओरखडे सहसा पडत नाहीत. बाजार यालाच जास्त भुलला आहे. माझं मत विचाराल तर जुनं स्टीलचं कडंच बरं. ओरखडे पडले तर पडोत, घड्याळ वापरलंय एवढं तरी कळतं.