मॅनेजिंग एजन्सी : दलालीवर चाललेल्या कंपन्यांची पार्श्वभूमी

शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपन्यांच्या कारभाराची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो : प्रवर्तक घराण्याच्या हाती भाग मोजके असूनही संपूर्ण कंपनी त्याच्या शब्दावर कशी चालते, आणि बाकीच्या भागधारकांच्या पैशाला संरक्षण किती? या प्रश्नाचे मूळ १९ व्या शतकातील मॅनेजिंग एजन्सीच्या करारांत, म्हणजे कंपनीचा कारभार दलाली घेणाऱ्या बाहेरच्या पेढीकडे सोपवणाऱ्या करारांत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची भारतातील व्यापाराची मक्तेदारी १८१३ मध्ये संपली आणि कलकत्त्यात खासगी एजन्सी पेढ्यांना भरती आली. १८३० नंतरच्या मंदीत त्यांपैकी मोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीनंतर, १८३४ मध्ये, द्वारकानाथ टागोर आणि विल्यम कार यांनी कार, टागोर आणि कंपनी ही भागीदारी पेढी स्थापन केली. कोळसा आणि आगबोटी अशा धंद्यांसाठी भाग विकून स्वतंत्र कंपन्या काढायच्या आणि त्यांचा कारभार मात्र कराराने आपल्याच पेढीकडे ठेवायचा, ही व्यवस्था तिने रूढ केली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी कंपनी काढली. कापूस आणि अफूच्या व्यापारातून शहरात पैसा आलेला होता, पण अनोळखी कारखान्यात तो गुंतवायला लोक धजत नव्हते. गुंतवणूकदार कंपनीची कागदपत्रे पाहण्याऐवजी तिच्यामागे कोणाची पेढी आहे ते पाहत. कंपनीच्या सहीबरोबर एजंटाचीही, म्हणजे कारभार पाहणाऱ्या त्या पेढीचीही, हमी असल्याशिवाय बँका सहसा कर्ज देत नसत. भाग खपवणे, खेळते भांडवल जमवणे, यंत्रे मागवणे, कापूस विकत घेणे आणि सूत विकणे, अशी सारी कामे एकाच पेढीत एकवटली, कारण ती वेगवेगळी करून देणारा बाजार तेव्हा नव्हताच. १९३७ मध्ये अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोज यांनी मांडले की बाजारातून व्यवहार करण्याला खर्च येतो, म्हणून संस्था उभ्या राहतात. मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव त्या विचाराशी बराच जुळतो.

दोष होता तो मोबदल्याच्या अटीत. मुंबईत एजंटाची दलाली पुष्कळदा उत्पादनावर ठरे आणि सुताच्या पौंडामागे पाव आणा हा प्रचलित दर होता. वर्षाला १० लाख पौंड सूत काढणाऱ्या गिरणीचा हिशेब केला, तर एजंटाच्या पदरात १५,६२५ रुपये पडत, मग गिरणीला नफा होवो की तोटा. अशा कराराखाली माल पडून राहिला तरी चात्या फिरत्या ठेवणे एजंटाच्या हिताचे आणि भागधारकांच्या नुकसानीचे होते. शिवाय कार्यालयीन भत्ता वेगळा, आणि काही ठिकाणी कापूस व यंत्रांच्या खरेदीवरचे कमिशनही वेगळे. करार दीर्घ मुदतीचे, क्वचित कायमचेही असत आणि बापाची एजन्सी मुलाकडे जाई, त्यामुळे संचालक मंडळाला एजंट बदलण्याचा अधिकार कागदापुरताच उरे. जमशेटजी टाटांनी कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये उत्पादनाऐवजी नफ्यावर दलाली घेण्याची पद्धत स्वीकारली. माझ्या मते ही त्या काळातील सर्वांत महत्त्वाची सुधारणा होती, कारण तिने एजंट आणि भागधारक यांचे हित प्रथमच एका बाजूला आणले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभे केले. पगारी व्यवस्थापकाकडून अशी अपेक्षा करता येत नाही.

कायद्याने लगाम टप्प्याटप्प्याने घातला. कंपनी कायद्याच्या १९३६ च्या दुरुस्तीने एजन्सीची मुदत २० वर्षांवर आणली आणि नव्या करारांत मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला. १९५६ च्या कंपनी कायद्याने दलालीला निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आणि १५ ऑगस्ट १९६० नंतर कोणालाही दहापेक्षा जास्त कंपन्यांची एजन्सी ठेवता येणार नाही, असे ठरवले. शेवटी ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच रद्द झाली.

करार गेले, घराणी राहिली. समूहातील कंपन्यांनी एकमेकींचे भाग धरून ठेवणे, तेच संचालक अनेक मंडळांवर असणे आणि सरकारी वित्तसंस्थांनी आपले मोठे भागभांडवल सहसा चालकांच्या बाजूने उभे करणे, यांमुळे जुनी पकड नव्या रूपात टिकली. व्यवस्थापकाचे हित मालकाच्या हितापासून वेगळे पडले की त्याचा भुर्दंड कोणावर पडतो, याची सैद्धांतिक मांडणी अर्थतज्ज्ञ मायकल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये केली. मुंबईच्या गिरण्यांचे भागधारक तो भुर्दंड कित्येक दशके भरत आले होते. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १८८ संबंधित पक्षांशी, म्हणजे संचालक, त्यांचे नातेवाईक किंवा समूहातील कंपन्या अशांशी, होणाऱ्या व्यवहारांसाठी संचालक मंडळाची, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे भागधारकांची, संमती मागते. त्या ठरावावर संबंधित भागधारकाला मत देता येत नाही. समूहाचे नाव वापरण्याबद्दल मूळ कंपनीला दिले जाणारे मानधन किंवा प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीकडून होणारी खरेदी यांवरचे आजचे वाद या चौकटीत लढले जातात, आणि त्यांत विचारला जाणारा प्रश्न पौंडामागच्या पाव आण्याबद्दल विचारायला हवा होता तोच आहे : हा मोबदला कशाबद्दल, आणि तो कोणी ठरवला?